हिरव्या काचेचा पंचनामा

नोकरीत किती पंचनामे केले ते आता आठवत नाही, आणि बहुतेक आठवावेत असेही नव्हते. पण एका घराच्या परसात, भिंतीपाशी उकिडवे बसून वेचलेली हिरवी काच अजून डोळ्यांपुढे आहे. त्या प्रकरणातली माणसे आजही त्याच भागात राहतात, म्हणून कोणाचेही नाव सांगणार नाही. गाव परभणी जिल्ह्यातले, सोनपेठच्या बाजाराला जाणारे. एवढे पुरे.

ऑक्टोबर होता. सोयाबीन काढून शेतात ढीग लागले होते आणि आभाळ रोज दुपारी धमकी देऊन जात होते. मी तेव्हा ठाणे प्रमुख होतो. सकाळची हजेरी संपवून चहाला हात लावतो तोच त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, एक बाई अन् तिची लहानगी कालपासून दिसंना गेलीत. नवऱ्यानं कुनालाच कळवलं न्हाई. मानसं म्हनायलीत, त्यानंच मारून हिरीत टाकलं."

मी महिला हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा निम्मे गाव विहिरीवर होते. दोघे जण गळ टाकून पाणी ढवळत होते आणि बाकीचे सल्ले देत होते. आपल्याकडे विहिरीत गळ पडला की कामधंदे आपोआप थांबतात. गळाला एक जुनी बादली लागली, तेवढ्याने बायका रडायला लागल्या. मी गर्दी मागे हटवली आणि घराकडे वळलो.

नवरा ओट्यावर बसला होता. तिशीचा, अंगाने दणकट, पण चेहऱ्यावर रया नव्हती. शेजारच्यांचे म्हणणे एकच होते. काल सकाळी त्याचा आरडाओरडा ऐकू आला, मग भांडे आपटल्याचा मोठा आवाज झाला, आणि मग घर एकदम गप्प झाले. त्यानंतर बाईला कोणीही पाहिले नव्हते. तिचा मोबाईल कोनाड्यात चार्जिंगला तसाच होता. दाराच्या चौकटीलगत भिंतीला ताजी खोक पडलेली होती, आणि परसातल्या बुटक्या भिंतीपाशी हिरव्या बांगड्यांचे तुकडे विखुरले होते. गावाच्या दृष्टीने खटला उभा राहून निकालही लागला होता.

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले. फुटक्या बांगड्या दिसल्या की पोलिसाच्या डोक्यात झटापटच येते. पण माझी एक खोड होती. काय सापडले ते लिहून झाले की काय नाही तेही मी पाहत असे. दाराशी तिच्या चपला नव्हत्या. पोरीच्याही नव्हत्या. दुरडीत तिच्या जावेने काल सकाळी पाहिलेल्या भाकरी नव्हत्या. महिला हवालदारांनी पत्र्याची पेटी उघडून जावेला विचारले, तर पोरीचा लाल स्वेटर गायब. ऑक्टोबरच्या त्या उन्हात स्वेटर! जीव द्यायला निघालेली बाई चपला काठावर सोडते, आणि ती पोरीचा स्वेटर नक्कीच नेत नाही. मारणारा माणूस तर मुळीच नेत नाही. विहिरीवरचा गळ मी थांबवला नाही, पण छातीवरचा दगड थोडा हलला.

नवऱ्याला ठाण्यात आणले. अटक नव्हे, चौकशी. गावात ठेवला असता तर पोरांनी त्याला बडवला असता.

"काल काय झालं?"

"ओरडलो साहेब."

"बायकोवर?"

"न्हाई. मळनीवाल्यावर, फोनवर. चार रोजापासून येतो म्हनायलाय, अन् दुसऱ्याच्या रानात गेला. माजं सोयाबीन उघड्यावर. लय डोकं फिरलं."

"आणि भांडं?"

मी वाट पाहिली. चौकशीत साहेबाने गप्प बसणे हे निम्मे काम असते, पण नवीन पोरांना ते जमत नाही.

"तांब्या फेकला भिताडाला," तो शेवटी म्हणाला. "ती चुलीपाशी व्हती. तिला न्हाई मारला. देवाशपथ, आजवर हात न्हाई उचलला."

"मग कळवलं का नाहीस?"

"याच्या आधी बी जायची. म्या मोठ्यानं बोल्लो की उठून रानाकडं जायची, सांजच्याला माघारी यायची. म्हनलं येईल." मग त्याने मलाच विचारले, "साहेब, पोरगी जेवली असंल का?"

हा प्रश्न तो सारखा विचारत होता. नाटकी माणसेही असे विचारतात, म्हणून मी त्याला फार वजन दिले नाही. पण नाटकी माणूस उत्तर ऐकायला थांबतो. हा थांबत नव्हता, पुन्हा जमिनीकडे बघत बसायचा.

दुपारी बाईचा मामा चुडाव्याहून आला. ठाण्यात शिरल्या शिरल्या त्याने आवाज लावला. "माज्या भाचीचा जीव घेतला यानं! तीनशे दोन लावा!" खुनाचे कलम त्याला मुखपाठ होते. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि जबाब लिहायला बसलो.

"भाचीच्या मुलीचं नाव काय?"

मामा छताकडे पाहू लागला.

"शेवटची माहेराला कधी आली होती?"

"लगीन लावून दिलं साहेब. आमची जबाबदारी सरली. मंडळीला माज्या तिचं येनं-जानं पटत न्हाई."

"आणि तिचे आईवडील?"

त्याने ते अगदी सहज सांगितले, घरची पडझड सांगावी तसे. बाप दारू प्यायचा. आधी आवाज चढायचा, मग भांडी यायची अंगावर. शेजारीपाजारी म्हणायचे, रोजचेच आहे. एके दिवशी ते रोजचे राहिले नाही. आई जळून मेली आणि बाप तुरुंगात गेला. पोर उंबऱ्यात उभी होती, तिने सगळे पाहिले. पुढे ती काही काळ मामाकडे, मग मावशीकडे, तिथे नको झाली की पुन्हा मामाकडे. "आमी लय जीव लावला," मामा म्हणाला.

मी पेन खाली ठेवले. आता तांब्याचा आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला. नवऱ्याच्या घरात भांडे भिंतीला लागले होते, पण तिच्या कानांनी ते बापाच्याच घरात ऐकले असणार. म्हणजे ती पळाली, हे जवळजवळ नक्की झाले. पण कुठे? घाबरलेली बाई माहेराला जाते. हिला माहेरच नव्हते. पिंगळीपासून पूर्णेपर्यंत सगळ्या रेल्वे स्थानकांवर आणि एसटी स्टँडवर फोटो पाठवला होता. कुठूनही काही कळेना. तिच्यासोबत तीन वर्षांची पोर, आणि रात्र पुन्हा जवळ येत होती. मला त्याचीच धास्ती होती.

संध्याकाळी काचेचे तुकडे ओळखण्यासाठी जावेला बोलावले. हे निव्वळ कागदोपत्री काम होते. तिने पाकिटात डोकावून लगेच सांगितले.

"तिच्याच हायेत. पंचमीच्या. माहेरच्या बांगड्या."

माझ्या शेजारच्या महिला हवालदारांनी चटकन मान वर केली. नागपंचमीला लेकीच्या हातात माहेरची बांगडी भरतात, हे आपल्याकडे सांगायला लागत नाही. पण ही भरली कोणी? मामा तर तिथेच बाकावर बसला होता.

"तुम्ही भरल्या?" मी विचारले.

"न्हाई बा," मामा म्हणाला.

जाऊ म्हणाली, "ती दर पंचमीला सोनपेठच्या बाजाराला जायची अन् हातभर भरून यायची. म्या इचारलं, तर म्हनायची, माहेरचं मानूस भेटलं. तितं एक म्हातारी मन्यारीन बसती, तिच्याकडंच भरायची."

मी जीप काढायला सांगितली आणि सोनपेठच्या ठाण्याला कळवले.

बाजारामागच्या गल्लीत म्हातारीचे घर लगेच सापडले. बांगड्यावालीचे घर कोणालाही विचारा. जीप अरुंद जागी अडकली, म्हणून मी ड्रायव्हरला माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडून सांगितले, "मागं घे, मागं!" आतून पत्र्याचे दार वाजले. पाठोपाठ पांढऱ्या केसांची एक बुटकी बाई पुढच्या दारात येऊन उभी राहिली. वाट अडवून.

"हल्लू बोला साब," ती म्हणाली. "माझी लेक घाबरती."

"तुमची लेक?"

"माझीच. बांगड्या मी भरते तिला, मग कुनाची?"

तेवढ्यात तिच्या पदराआडून एक लहान पोर बाहेर आली. कोपरापर्यंत मोठ्या बायकांच्या बांगड्या चढवलेली, तोंडाला वरण लागलेले. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की पोरगी जेवली आहे. मी तिथेच पायरीवर बसलो.

हरवलेली बाई मागच्या दारातून निघण्याच्या बेतात होती. महिला हवालदार एकट्या आत गेल्या, तिच्याजवळ खाली बसल्या आणि हळूहळू जबाब घेतला. मी बाहेरून ऐकत होतो.

"मारलं का त्यानं?"

"न्हाई."

"आधी कधी?"

"न्हाई. लय चांगला हाय तो."

"मग का निघालीस गं?"

आतून बांगड्या किणकिणल्या.

"आवाज चढला की माजं डोकं बंद पडतंय. पायच चालायला लागतेत. पोरीच्या कपड्याचं गाठोडं म्या बांधूनच ठेवते. बाकीच्या वेळी रानात जाऊन बसते. काल तांब्या वाजला." ती थांबली. "माजी माय थांबली व्हती."

महिला हवालदारांनी जबाबाची वही मिटली.

म्हातारीने नंतर सांगितले, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ही पोरगी दुकानासमोर नुसतीच उभी होती. बाकीच्यांबरोबर आया होत्या, भाऊ होते. "कुठली गं तू, असं विचारलं तर रडायलाच लागली. मग काय, हात घेतला अन् भरल्या." दर वर्षी तसेच. एवढ्यावर त्या पोरीने माहेर उभे केले होते, आणि वेळ आल्यावर ते खरोखर उभे राहिले. परसाची भिंत उतरताना लहानगीला सावरता सावरता तिच्या बांगड्या फुटल्या होत्या. म्हातारीने नव्या आधीच भरून टाकल्या होत्या.

मी ठाण्यात फोन लावला. ठाणे अंमलदाराने नवऱ्याला सांगितले तेव्हा तो खाली फरशीवर बसला आणि म्हणाला, "जेवली का पोरगी?" या वेळी मात्र तो उत्तर ऐकायला थांबला. मामा कोणालाही न सांगता शेवटच्या गाडीने गेला. अंमलदाराने न विचारता सगळ्यांसाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी नवरा सोनपेठला आला. म्हातारीने त्याला आत घेतले नाही, ओट्यावरच बसवले. सासूने जावयाला धारेवर धरावे तसे धरले, फक्त हल्लू आवाजात. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "राग माजा हाय. मग भाईर म्या जाईन. हिनं कशाला जायाचं?"

इतका वेळ दाराआड बसलेल्या बायकोने तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. लगेच गेली नाही. हक्काने चार दिवस माहेरी राहिली आणि मग गेली. मी नोंद केली: बेपत्ता व्यक्ती मुलीसह सुखरूप मिळून आली, तक्रार नाही. इतक्या आनंदाने मी क्वचितच एखादा कागद बंद केला असेल.

खात्यात घटनास्थळ जपायला शिकवतात. त्या प्रकरणानंतर मला एक कळले, काही घटनांचे स्थळ समोरच्या घरात नसतेच. ते त्या माणसाच्या लहानपणीच्या घरात असते, आणि तिथे पंचनामा करायला कोणी गेलेले नसते. पुढे कोणी विनाकारण पळताना, विनाकारण मारताना, विनाकारण गप्प बसताना दिसले की मी आधी त्याचे लहानपण विचारायचो. गुन्हा माफ होत नाही, पण माणूस समजतो. आणि ज्याला लहानपणी घर मिळाले नाही, त्याला मोठेपणी ते अजिबात मिळत नाही, हे म्हणणे मी तेव्हापासून सोडले.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी त्या बाजूला गेलो होतो. येताना गाडी त्या घरासमोर थांबवली. बाईने ओळखले, खुर्ची टाकली. लांब बांधावरून कोणीतरी एकटेच ओरडत असल्याचा आवाज येत होता.

"कोण आहे ते?"

"तेच की," ती चहाचे आधण ठेवत म्हणाली. "मोटर जळाली. रागवायला गेलेत. येतील चहाला."

तिने चहापत्ती घातली. साखर मोजून टाकली. पोरगी शाळेतून आली होती, ओट्यावर वही उघडून बसली होती, तिनेही मान वर केली नाही. मला राहवले नाही, मी विचारले, "अजून गाठोडं तयार असतं का?"

ती लाजली. आत जाऊन ज्वारीच्या कोठीमागून एक छोटे गाठोडे घेऊन आली आणि माझ्यापुढे सोडले. वर तोच लाल स्वेटर होता. तिने तो उचलून ओट्यावरच्या पोरीच्या पाठीला लावून पाहिला. खांद्यांपर्यंतही पुरत नव्हता.

"बघा की," ती हसून म्हणाली. "बदलायचंच इसरले."