चाकांवरचा बैल

तिची आई गेल्यापासून माझी लेक हसली नव्हती. मी गोष्टी वाचून दाखवून थकलो आणि शेवटी तिला हिंगणघाटच्या खेळण्यांच्या दुकानात ठोकळे जोडायच्या कार्यक्रमाला नेलं.

"गाडी बनवा," दुकानातल्या ताईंनी सांगितलं.

शेजारी एक धिप्पाड आजोबा नातीबरोबर फरशीवर पालथे पडले होते. ठोकळा बसला की स्वतःच टाळी वाजवायचे. त्यांनी बैल बनवला.

"आजोबा, गाडी बनवायची होती," ताई म्हणाल्या.

"मंग चाकं लावले ना, बाई! तान्ह्या पोळ्याले पोरं वढतात तो लाकडी बैल चाकावरच चालते!"

बुटाची नाडी काढून त्यांनी बैलाला बांधली. "चला पोरंहो, बोजारा मांगाले!" मागे मुलांची वरात निघाली. दुकानाच्या मालकांनी हसत बोजाऱ्याची भेट म्हणून चॉकलेटं वाटली. बैलाचं शिंग पडलं, आजोबा आणखीच खूश.

मग नाडी माझ्या लेकीच्या हाती देत म्हणाले, "तू वढ. मी हंबरतो."

आणि खरंच हंबरले. लेक खदखदून हसली. "आजोबा, बैल असा नाई हंबरत!" म्हणत तिनेच हंबरून दाखवलं.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वर्ध्याच्या बसमध्ये ती हंबरतच होती. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं, तेव्हा मीही हंबरलो.