मळीत घातलेले फॉर्मालिन

इंदापूर तालुक्यातील एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. उसाच्या रसात जिवाणू वाढले की साखर घटते. त्यांना मारणे हे माझे काम. ते मी चोख केले.

माझी मुलगी बारामती एमआयडीसीतल्या एका लहान प्रयोगशाळेत नेमका उलटा उद्योग करते. जुन्या तेलविहिरीत बरेच तेल खडकाला चिकटून राहते, पंपाने येत नाही. त्याच विहिरीच्या पाण्यात मूळचे जिवाणू असतात. त्यांना मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, खायला दिली तर ते वायू आणि साबणासारखे द्रव्य तयार करतात. तेल सुटते. बाहेरचे जिवाणू सोडायचे नाहीत, तिथलेच पोसायचे. मला हे पटायला वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात तिच्यासाठी मळी आणायला मी कारखान्यात गेलो. माझ्या जुन्या सहकाऱ्याने बाटली भरली. मी फडताळातले फॉर्मालिन, म्हणजे आमचे जिवाणू मारायचे औषध, काढून दोन झाकणे तीत ओतली. प्रवासाला निघणारा नमुना आंबू नये म्हणून आम्ही असेच करीत आलो.

"सायेब, रिटायर झाला तरी हात काय थांबत न्हाय तुमचा," तो हसला.

"नमुना फसफसला तर बोल तुलाच लागेल," मी म्हणालो.

मुलीने ती मळी विहिरीच्या पाण्यात घालून बाटल्या बंद केल्या, उबेत ठेवल्या. आठवडा गेला. एक बुडबुडा नाही. तिचे वरिष्ठ म्हणाले, पाण्यात जीवच नाही, तेल कंपनीला तसे कळवून टाका. तसे कळवले की कंपनी ती विहीर कायमची बुजवणार होती. विहिरीच्या पाण्याचा एकच डबा शिल्लक होता. ती जेवेना. मला स्वस्थ बसवेना.

"पाण्याच्या डब्याचे सील?" मी विचारले.

"शाबूत होतं, आबा."

"उष्णता?"

"रोज पाहते."

"मळी?"

"ती तर तुम्हीच आणलीत."

मी ताटावरून उठलो. अंगणात गेलो, आत आलो, पुन्हा गेलो. मग तिच्यासमोर उभा राहून फॉर्मालिनचे सांगितले.

तिने ताट बाजूला सारले. नंतर म्हणाली, "पाहुण्यांना जेवायला बोलावलंत आणि ताटात उंदराचं औषध वाढलंत."



दुसऱ्या दिवशी मी नवी मळी आणली. सहकारी फॉर्मालिनकडे वळताच मी ओरडलो. तो दचकला. शेवटच्या डब्यातले पाणी घेण्याआधी मुलीने मळी उकळून घेतली, म्हणजे मळीतले जिवाणू मरतील आणि वाढतील ते विहिरीचेच. प्रयोगशाळेत येऊ नका, असे तिने बजावले होते. मी रोज गेलो. पहारेकऱ्याच्या बाकावर बसलो, उठलो, फाटकापर्यंत चाललो. पहारेकऱ्याने विचारले, "आबा, कुणी दवाखान्यात हाय का?"

चौथ्या दिवशी तिने मला आत बोलावले. बाटलीच्या रबरी बुचात सुई टोचली. आत साचलेल्या वायूने सिरिंजचा दट्ट्या आपोआप वर सरकला. खोलीत आंबूस वास पसरला. कारखान्यात याच वासावरून मी कामगारांच्या अख्ख्या पाळीला फैलावर घेत असे.

मी तो वास पुन्हा घेतला. मग तिला म्हणालो, "आधी वरिष्ठांना बोलाव. त्यांनी पाहीपर्यंत बाटली हलवू नकोस."