वनमालाने नऊ सोडले

भांडुपच्या डोंगरावरून उतरून मुलुंडच्या पोळीभाजी केंद्रापर्यंत वनमाला रोज चालत जायची. रिक्षा नाही, गाडी नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाय देवानं फुकट दिलेत. चाकाला पैसे पडतात."

भाजी घ्यायची ती बाजार उठताना. साबणाच्या चिपा एकमेकींवर दाबून त्यांची नवी वडी करायची. पंखा पाहुणा आला तर लावायचा, आणि पाहुणा येणार नाही याची काळजी ती घ्यायचीच. केंद्रावरच्या करपलेल्या पोळ्या घरी न्यायला परवानगी होती. तव्यावर भाजायला बसणारी रेवती म्हणायची, "ही बाजूला असली की तवा आपोआप तापतो बघा."

वनमालाला अशा बोलण्याचं काही वाटत नसे. बोलणं फुकट असतं, ऐकणंही फुकट.

नवरा गिरणीत बदली कामगार होता. गिरणी गेली, मग काही वर्षांनी तोही गेला. मुलगा नितेश लग्न करून विरारला सासऱ्याच्या जागेत राहायला गेला. दिवाळीला फोन करायचा. वनमाला भाड्याच्या खोलीत राहिली आणि लाटत राहिली. पोळीमागे दोन रुपये. केंद्रावर तिच्याइतकी गोल, तिच्याइतकी पातळ आणि तिच्याइतकी भराभर पोळी दुसऱ्या कुणाची नव्हती. हे खरं होतं, आणि तिला ते माहीत होतं.

सत्तावन्न वर्षांच्या बाईला एवढं पोटाला मारून करायचं काय होतं? तिला भाडं संपवायचं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत चंद्रप्रकाश म्हणून एक जण होते. ते रिटायर होऊन गावी, लांज्याकडे, निघाले होते. त्यांची खोली हेवी डिपॉझिटवर मिळत होती. तीन लाख त्यांच्याकडे ठेवायचे, महिन्याचं भाडं शून्य, खोली सोडताना तीन लाख परत. दिवाळीपर्यंत ते वनमालासाठी थांबणार होते.

"मनगट चालतंय तोवर भाडं जातंय," ती म्हणायची. "मनगट थांबल्यावर कोण भरणार? नितेशची बायको?"

पोस्टात दोन लाख पंचावन्न हजार होते. उरलेले पंचेचाळीस आश्विनात भिशीतून यायचे होते.

ही भिशी शकुची. डोंगरावरच्या पंधरा बायका, दर महिन्याला प्रत्येकीचे तीन हजार. जमणारे पंचेचाळीस हजार एकीला मिळायचे. कुणाला, ते बोलीवर ठरायचं. जिला गरज असेल तिनं त्यातले किती सोडते ते बोलायचं. जी जास्त सोडेल ती उरलेले उचलणार, आणि सोडलेले पैसे पंधराही जणींत सारखे वाटले जाणार. एकदा उचललेली पुन्हा बोलू शकत नाही, हप्ता मात्र शेवटपर्यंत भरते. शेवटी जी उरते तिच्यासमोर बोलायला कुणीच नसतं. तिला पूर्ण पंचेचाळीस.

वनमाला नेहमी शेवटी उरायची. ज्यांची नड जास्त त्या आधी उचलायच्या, आणि त्यांनी सोडलेल्यात हिचा वाटा असायचा. हिला नड नव्हती, कारण हिने ती येऊच दिली नव्हती. कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या पोराचा मोबाइल फुटला, कुणाकडे बारसं. वनमाला म्हणायची, "आधी खर्च करायचा आणि मग बोंबलायचं."

शेवटी उरूनही तिचं भागत नसे. समोरची नडलेली दिसली की ही मध्येच खोटी बोली लावायची. तिनं तीन म्हटलं की ही चार. तिला पाच म्हणायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं. जास्तीच्या हजारामागे हिच्या वाट्याला सदुसष्ट रुपये यायचे. सदुसष्टात पालेभाजीच्या दोन जुड्या येतात, असा तिचा हिशोब.

हिवाळ्यात रेवतीनं पाच सोडले होते. एवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला, की पैसे दुसरीकडून झालेत, उचलू नकोस. रेवती म्हणाली, "माझी बोली मागे घ्या." शकु घ्यायला तयार होती. वनमालाच बोलली, "असं कसं? बोली ती बोली. आज हिची मागे घेतलीस तर उद्या भिशी चालायची कशी?" रेवतीचे पाच हजार गेले. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच ओट्याशी होत्या. रेवती नेहमीसारखी भाजत होती. त्या दिवशी पोळ्या मात्र बऱ्याच करपल्या.

आषाढात भिशी शकुच्या खोलीत बसली तेव्हा न उचललेल्या चौघी उरल्या होत्या. त्यांत वनमाला होती, आणि तिच्या दोन दारं पलीकडची सुंदराबाई. सुंदराबाईचा नवरा धोंडिराम एका टॉवरवर वॉचमन. मुलगी सपना बारावी झालेली, तिला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. शनिवारपर्यंत पैसे भरायचे होते. फी पस्तीस हजार. हे सुंदराबाईनंच नळावर वनमालाला सांगितलं होतं. सांगताना तिला रडू आलं होतं, आनंदानं.

पस्तीस लागणार म्हणजे दहापर्यंत सोडू शकते, हे वनमालानं हंडा भरेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

"चार सोडते," सुंदराबाई म्हणाली.

"पाच," वनमाला.

सुंदराबाईनं वळून बघितलं. "तुला कशाला हवेत गं आत्ता?"

"असतात कामं. तू तुझं बोल."

"सहा."

"सात."

"वनमाला, पोरीचं आहे गं."

"मग बोल ना."

"आठ," सुंदराबाई म्हणाली.

वनमालानं नखं बघितली. "नऊ."

आता दहा येणार होते. वनमाला पाठ टेकून बसली. सुंदराबाई मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिली.

"नऊ एकवार," शकु म्हणाली. "सुंदरा? नऊ दोनवार."

"माझं आठपर्यंतच होतं," सुंदराबाई म्हणाली. "परीक्षा फीचे दोन हजार वेगळे आहेत, आज सकाळी सांगितलं. सदतीसच्या खाली घेऊन काय करू?"

"नऊ तीनवार. वनमालाची."

वनमाला ताठ बसली. "थांब, थांब. माझी बोली काढ. मी आपली गंमत केली. हिला दे आठला."

शकुनं सगळ्यांकडे बघितलं. "काय गं? द्यायची का?"

आठला दिली तर प्रत्येकीचा वाटा पाचशे तेहतीस. नऊला सहाशे. खोलीतल्या सगळ्या बायकांना एवढं गणित येत होतं. कुणी पदर नीट केला, कुणी पोराला जवळ ओढलं. सुंदराबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.

रेवती म्हणाली, "बोली ती बोली. नाहीतर भिशी चालायची कशी?"

सदुसष्ट रुपयांसाठी कुणीच तोंड उघडलं नाही. वनमालाला छत्तीस हजार मिळाले. वर तिच्याच नऊ हजारांतला तिचा वाटा, सहाशे.

संध्याकाळी सुंदराबाई तिच्या दारात आली. आत बस म्हणायची वाट न बघता उंबऱ्यावरच टेकली.

"झालं ते झालं. छत्तीस तुझ्याकडे पडूनच राहणार ना दिवाळीपर्यंत? मला दे. वरचं हजार मी बघते. पुढच्या महिन्यात मी भिशी उचलते आणि तुझे तुला देते."

"किती देशील?"

"किती म्हणजे? छत्तीस."

"पंचेचाळीस दे."

"छत्तीस घेऊन पंचेचाळीस?"

"माझे नऊ तुझ्यापायी गेले."

"माझ्यापायी? तू बोलायला गेलीस कशाला मग?"

वनमाला तांदूळ निवडायला लागली. "छत्तीस देईन, पंचेचाळीस घेईन. नाहीतर माझे पैसे पोस्टात बरे."

सुंदराबाई उठली. "सावकार तरी बोर्ड लावून बसतो गं. तू पोळपाट घेऊन बसलीस."

ती भावाकडे कळव्याला जाऊन आली. भाऊ म्हणाला पुढच्या आठवड्यात. शनिवार गेला. सपनाची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

वनमाला पायथ्याच्या चाळीत चंद्रप्रकाशना भेटून आली. ते म्हणाले, "वैनी, दुसरो एक सव्वातीन देता. तरी मी तुमच्यासाठी थांबलंय. पण तीनात एक रुपयो कमी नको, आणि दिवाळीच्या पुढे नको."

नऊ हजार. जास्तीच्या साडेचार हजार पोळ्या. वनमालानं ठरवलं की रोज दोन तास आधी जायचं. केंद्राची मालकीण माधुरीताई खूश झाली. गणपतीच्या ऑर्डरी येतच होत्या.

लाटण्याचं एक आहे. लाटणं मनगटानं फिरवायचं नसतं. जोर खांद्यातून यावा लागतो, मनगट फक्त वळवायला. तसं लाटणारी बाई सत्तरीपर्यंत लाटते. वनमालाला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि इतकी वर्षं तिनं ते पाळलं होतं. पण खांद्यानं लाटायला दम लागतो, आणि दोन तास आधी उठलेल्या, कोसभर चाललेल्या, दुपारी करपलेली पोळी चहाशी खाणाऱ्या बाईचा दम अकरा वाजता संपतो. मग मनगट आपोआप पुढे येतं. तिला ते कळत होतं. कळून ती लाटत राहिली.

गौरी उठल्या आणि तिचं मनगट सुजलं. पालिकेच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, लाटणं बंद, पट्टा बांधा. पट्टा बाहेरून आणायचा होता. वनमालानं जुन्या साडीची पट्टी फाडून घट्ट गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पोळ्या वाकड्या यायला लागल्या. माधुरीताईनं एक उचलून उजेडाला धरली. "मावशी, हा कुठला जिल्हा?"

सगळ्या हसल्या. वनमालाही हसली.

त्याच आठवड्यात माधुरीताईनं एक मुलगी आणली. "घरी बसून होती बिचारी. मावशी, हिला जरा तयार करा."

ती सपना होती.

वनमालानं तिला कणकेचा गोळा केवढा घ्यायचा ते सांगितलं, पीठ किती लावायचं ते सांगितलं. खांद्याचं सांगितलं नाही. पण सपना उंच. ओट्याशी उभी राहिली की तिचा हात आपोआप वरून यायचा, जोर खांद्यातूनच पडायचा. पंधरवड्यात ती वनमालाच्या वेगाला आली, आणि तिच्या पोळ्या कुठल्याच जिल्ह्यासारख्या नव्हत्या. माधुरीताईनं पोळपाट तिच्याकडे दिला. वनमालाला पोळ्या मोजून पिशवीत भरायला बसवलं. रोजचे दीडशे.

दीडशे रुपयांत भाडंही निघत नव्हतं. भिशीचा हप्ता तर शेवटपर्यंत भरायचाच होता. वनमालानं पोस्टातून पैसे काढायला सुरुवात केली. दिवाळी आली तेव्हा नऊची तूट वीसच्या वर गेली होती. चंद्रप्रकाशनी खोली सव्वातीनवाल्याला दिली आणि किल्ली देऊन गावी गेले.

आश्विनातली भिशी सुंदराबाईला मिळाली. शेवटची, समोर कुणी बोलणारं नसलेली, पूर्ण पंचेचाळीस. पैसे घेऊन ती तडक बँकेत गेली. पुढच्या वर्षी सपनाचा प्रवेश होता.

दिवाळीनंतर लग्नाची एक मोठी ऑर्डर आली. माधुरीताई भाजी आणायला बाहेर गेली होती. वनमालानं पट्टी सोडून हात उघडला, मिटला. बरा वाटत होता.

"सपना, पन्नास मला लाटू दे. आज हात चांगला आहे. ताईंना नको सांगू, पैसे तेवढे मला दे."

सपना लाटत होती. वर न बघता म्हणाली, "किती सोडतेस मावशी?"

तव्यापाशी रेवतीला ठसका लागला.

वनमालाला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण सपना थांबली होती. लाटणं हातात, भुवया वर. खरंच विचारत होती.

"पोळीमागे आठ आणे तुला," वनमाला म्हणाली.

सपनानं पुढचा गोळा घेतला.

"रुपया."

"मी दीड सोडते," रेवती तव्यावरून म्हणाली. तिला लाटायचं नव्हतं. ती पोळी उलटत होती आणि हसत होती.

वनमालानं रेवतीकडे बघितलं. गप्प राहिली असती तर रेवतीला पोळपाटाशी उभं राहावं लागलं असतं. खेळ तिचाच होता, तिला तो पाठ होता. पण समोर पीठ मळलेलं होतं, आणि पिशव्या भरता भरता तिला दोन महिने होत आले होते.

"पावणेदोन," वनमाला म्हणाली.

सपना बाजूला झाली.

वनमालानं लाटणं घेतलं. पहिली पोळी गोल आली, दुसरीही. तिनं खांद्यातून जोर लावला, अगदी सासूनं शिकवल्यासारखा. चौथ्या पोळीला मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली आणि लाटणं हातून सुटून ओट्यावर घरंगळलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "उद्या बघू."

रेवतीनं लाटणं उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. "पन्नास म्हणालीस. बोली ती बोली."

वनमालानं पट्टी दातात धरून घट्ट बांधली आणि पाचवा गोळा घेतला.