मधल्या दोन वायरी

शेवटच्या दिवशी दुपारी मी अन् माझी बायको ओसरीवर बसून भांडलो. रोजचंच होतं ते.

तिनं लक्ष वातींचा नेम धरला होता. लाखभर वाती स्वतःच्या हातानं वळायच्या अन् देवापुढं लावायच्या. पाचशेक राहिल्या अन् तिच्या हाताला कापरं भरलं. कापूस धरता यायचा, पीळ देता येईना. शेजारणी म्हणाल्या, आम्ही वळून देतो. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "पीळ मोटर देते. कापूस तूच धरजो." देवाला चालेल का, याचा तिनं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "चालते. धरून त मीच राह्यली."

लोणारात उभा जन्म मी पंपाच्या मोटरी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली. शाळा सातवीपर्यंत, पण मोटरीच्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही मोटर पेढ्याएवढी. खेळण्यात बसवतात तसली, आत बारीक दातेरी चाकं. तिच्यासोबत एक हिरवी पट्टी येते, तिला ड्रायव्हर म्हणतात. मोटरीला एकेक पाऊल टाकायला तीच लावते. पट्टीवर चार लाल दिवे. हुकूम देणारी दुसरी पट्टी खामगावच्या दुकानदारानं तयार करून दिली होती. दोन्हींच्या मधल्या चार वायरी मी जोडल्या. मोटरीच्या दांडीवर तिच्याच केसांचा आकडा बसवला, कापूस अडकवायला.

मोबाइलच्या चार्जरला जोडून बटण दाबलं. मोटर जागच्या जागी थरथरली. फिरेना.

"माया हातावर गेली हे, तशीच कापून राह्यली," ती हसली. "अन् ड्रायव्हर कुठी हाये म्हंता इचा? स्टँडवर चहा पेत बसला का?"

मी दातानं वायर सोलत होतो.

ती वाकून दिवे पाहत राहिली. "अवो, हे दिवे रांगेनं नाही लागून राह्यले. पयला, मंग तिसरा, मंग दुसरा. मधातल्या दोन वायरी बदलून पाहा बरं."

"चाळीस वर्षं मोटरी कोनं भरल्या? तू का मी? चौथी शिकलेल्या बाईनं मले शिकवू नोको."

"नाही शिकवत बाप्पा." तिनं कापूस डब्यात ठेवला. "उद्या पाहू."

मी मोटर फडक्यात गुंडाळली. जेवताना तिनं विषय काढला नाही. मीही नाही काढला.

सकाळी ती उठलीच नाही.

बाया जमल्या. उशाशी दिवा लावायचा, वात पाहिजे होती. एकीनं तिच्या बांधून ठेवलेल्या वातींच्या जुड्यांना हात घातला. मी ओरडलो, "हात नोका लावू! नेमाच्या हायेत त्या."

ओसरीवर येऊन मी फडकं सोडलं. मधल्या दोन वायरी उपसल्या, अदलाबदल करून खोचल्या. बटण दाबलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मोटर फिरायला लागली.

आतून आवाज आला, "बायको गेली अन् म्हातारा मशीन खेयून राह्यला."

मी आत गेलो. सगळ्यांसमोर तिच्याजवळ बसलो अन् मोठ्यानं सांगितलं, "फिरली वं. तुयंच बरोबर होतं."

डब्यातला कापूस तिनं पिंजून ठेवलेलाच होता. मी धरला, मोटरीनं पीळ दिला. वात वाकडी झाली. तीच तेलात भिजवून तिच्या उशाशी लावली.