दहाव्या ग्रहाची सरकी

माझं लग्न एका ग्रहामुळे मोडता मोडता राहिलं, आणि तो ग्रह माझ्या पत्रिकेत नव्हताच.

त्या वर्षी अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. (कोण कोणाशी भांडतंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण आमची वेचणी होईपर्यंत त्यांनी मिटवू नये, एवढंच वाटायचं!) दर्यापूरजवळच्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तर बैलाच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधले होते. लेकीच्या लग्नाआधीची नवग्रहपूजाही त्यांनी तशाच थाटात मांडली. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे गुरं परतायच्या वेळेला होतं.

पाटावर नऊ धान्यांच्या नऊ ढिगल्या होत्या. गव्हाचा सूर्य, काळ्या तिळांचा शनी, असे सगळे ग्रह हजर. मी अकोल्याच्या शाळेत नुकताच ग्रहांचा धडा शिकलो होतो, आणि माझ्या पोटात ज्ञान काही राहत नसे.

"यात एक ग्रह कमी आहे," मी शाळेतल्या शुद्ध भाषेत जाहीर केलं.

भटजी महाराजांच्या हातातली पळी थांबली. "कोनता?"

"नेपच्यून! विलायतेत सापडलाय. आधी कागदावर गणित करून त्याची जागा काढली, मग दुर्बीण लावली, तर जवळपास तिथंच बसलेला!"

सासरे सरकून माझ्याजवळ आले. "न पायताच सापडला? वा, जवाईबापू! मंग महाराज, त्याची पूजा काहून नाई मांडली?"

"त्याचा मंत्र नाई, धान्य नाई, पाटावर जागा नाई!" महाराज वैतागले.

"तर लगन थांबवा. एक ग्रह उपाशी ठेवून मी पोरगी देत नसतो!"

"जागा लागतच नाही," मी घाईघाईनं म्हणालो, "तो फार दूर असतो. पाटाबाहेर मांडा."

धान्य सासऱ्यांनीच ठरवलं. यंदा साऱ्यांवर कृपा कापसाची, तेव्हा नव्या ग्रहाला सरकी! कपाशीच्या बियांनी भरलेला द्रोण घेऊन ते निघाले.

"अठी ठेवू?"

"अजून दूर."

"अठी?"

"छे! शनीच्या तिप्पट दूर!"

(खांबाजवळ ठेवला असता तर ग्रहाचं काय बिघडणार होतं? पण त्या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण होते!) शेवटी द्रोण मांडवाच्या तोंडाशी, गोठ्याच्या वाटेवर ठेवला. महाराज मंत्र जुळवेपर्यंत दिवस कलला. गुरं परतली, आणि सासऱ्यांचा लाडका बैल घुंगरू वाजवत थेट ग्रहापाशी थांबला.

दोन घासांत ग्रह संपला! द्रोणासकट!

"अपशकुन!" सासऱ्यांनी डोक्याला हात लावला. "लगन मोडलं!"

"घाबरू नका," मी म्हणालो, "याच्या आधी आणखी एक सापडलाय..."

माझ्या वडिलांनी मला असा चिमटा काढला, की ते दोन्ही ग्रह मला दिवसाउजेडी दिसले.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. चक्क नवरीचा!

"बाबा, तुमच्या लग्नात हा ग्रह आभायात होता का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"होता," मी पुटपुटलो. "कोणाला दिसला नव्हता, इतकंच."

"तवा त्याले कोनी सरकी घातली होती?"

"नाई," सासरे म्हणाले.

"मंग तुमचं न् आईचं काई अडलं का?"

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सासऱ्यांकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की उत्तर एकच शक्य होतं.

"नाई अडलं," ते हसले. "वाजवा रे!"

लग्न गोरजावरच लागलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि थोडी भीतीही वाटली. एवढा धडा पाठ करून मला जे सुचलं नाही, ते हिला दाराआडून सुचलं होतं. हार घालताना तिनं हळूच विचारलं, "अन् तो दुसरा कोठी हाय?"

तेव्हापासून मी तिला सांगतोच आहे. आता आमचे केस पिकले. पण चारचौघांत मी ज्ञान पाजळायला लागलो, की ती अजूनही आतून ओरडते, "यांच्यापुढं सरकी ठेवा रे!"

आणि खोटं कशाला सांगू? गोठ्यातला बैल आणि मी, दोघंही लगेच मान वळवून बघतो.