हरवलेल्या मार्कांचा माग

आमच्या थोरल्या काकांना सापडली नाही अशी वस्तू वडीगोद्रीच्या शिवारात कधी हरवलीच नाही. शेळी असो, वासरू असो, नाही तर लग्नाच्या मांडवातून गेलेली नवी कोरी चप्पल असो, लोक आधी काकांकडे यायचे आणि मग देवाकडे; बहुतेकांवर देवापर्यंत जायची वेळच यायची नाही. काकांची पद्धत मात्र माणसाचा अंत पाहणारी. म्हैस सुटली म्हणून घरचे चारी दिशांना ओरडत पळत असायचे आणि काका रिकाम्या खुंट्यापाशी तंबाखू मळत उभे. "वरडून काय हुतंय?" ते म्हणायचे, "शेवटी कुठं पाह्यलं व्हतं ते सांगा. तिथून निघू." मग त्या जागेपासून ते इतके सावकाश निघायचे की म्हशीच्या मालकाला रडू यावं. एकदा असेच चालत चालत ते शहागडला गोदावरीच्या काठाशी पोचले, तर म्हैस पाण्यात निवांत बसलेली आणि मालक अजून गावातच ओरडतोय. चपलांची तऱ्हा वेगळी. मांडवाच्या दाराशी बसून ते नुसतं लोकांचं चालणं बघायचे. ज्याला चप्पल चावतेय त्याला हळूच बाजूला घ्यायचे. स्वतःची तंबाखूची चंची मात्र त्यांना उभ्या जन्मात कधी सापडली नाही. ती काकूच शोधून द्यायची.

हे सगळं जनावरं आणि चपलांपुरतंच राहिलं असतं. पण नव्वद सालाच्या आसपास त्यांच्या घरात आष्टीची सून आली, माझी चुलत वहिनी. बारावी सायन्स झालेली. फार्मसी करायची आणि हायवेवर स्वतःचं मेडिकल टाकायचं, हे तिनं लग्नाआधीच मनाशी धरलेलं. अडचण एवढीच की बारावीला त्रेचाळीस टक्के पडलेले, आणि त्या मार्कांवर फार्मसी कॉलेजची लिस्ट लांबूनसुद्धा दिसेना. मार्क वाढवायला पुन्हा परीक्षेला बसता येतं असं कळल्यावर काकूनं परवानगी दिली, पण हात आखडून. "एक साल. न्हाई जमलं तर मंग पुस्तकं माळ्यावर आन् तू चुलीपाशी." वहिनी मान खाली घालून हो म्हणाली. तिच्या हातात तेवढं एकच वर्ष होतं, आणि त्या रात्री ती जेवली नाही असं तिचा नवरा, म्हणजे माझा चुलतभाऊ, मला नंतर म्हणाला.

मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होतो. सुट्टीत गावी गेलो की घरातला शिकलेला म्हणून प्रत्येक गोष्टीत माझी साक्ष काढली जायची. काकांनी मला बोलावलं आणि वहिनीचा निकाल पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला लावला.

"शंभरातले त्रेचाळीस आले. बाकीचे कुठं गेले?"

"काका, ते मिळालेच नाहीत."

"मिळाले न्हाईत म्हंजे कुठं तरी पडले आसतील ना."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी वहिनीला समोर बसवलं, तळहातावर तंबाखू घेतली आणि विचारलं, "पोरी, हे फिजिक्स का काय, ते तुला शेवटी बराबर कुठं कळलं व्हतं?"

वहिनी आधी लाजली, मग विचारात पडली. "सातवीपस्तोर बिलकुल कळत व्हतं, मामा. आठवीत थोरल्या बहिणीचं बाळंतपण आल्तं, तवा मी लई दिवस शाळेत गेले न्हाई. परत गेले तर फळ्यावर समीकरणं चालू व्हती. ती काई मला कळली न्हाईत. तवापासून नुसतं पाठ करून राह्यले."

"मंग तिथंच पडलंय," काका म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सासरा आणि सून एसटीनं आष्टीला गेले. मंगळसूत्र घातलेल्या बाईला आठवीच्या वर्गात बसू द्या, ही मागणी ऐकून हेडमास्तरांनी आधी नियम सांगून पाहिले. शेवटी काकांचं वय आणि उठायची चिन्हं नाहीत हे बघून त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. वहिनी वर्गात शिरली तर नव्या बाई आल्या समजून सगळी पोरं उभी राहिली आणि एक साथ नमस्ते म्हणाली. पुढचे काही आठवडे वहिनी माहेरी राहून आठवीत बसली. काका दर बाजाराला जाऊन शाळेबाहेरच्या लिंबाखाली टेकायचे आणि खिडकीतून फळ्याकडे असे बघायचे, जणू वासरू तिथूनच बाहेर यायचंय. इकडे काकू साऱ्या गल्लीला सांगत होती, "लोकायच्या सुना पुढं जातेत, आमची बारावीतून आठवीत चालली."

पण समीकरणं सापडली. ती सापडल्यावर नववी-दहावीला फार वेळ लागला नाही, आणि संक्रांतीपर्यंत वहिनी आपल्या पायानं चालत बारावीच्या पुस्तकापाशी येऊन पोचली. परीक्षा अंबडला होती. रोज पेपर सुटायच्या वेळी काका स्टँडवर उभे. पेपर कसा गेला हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "सापडलं का?" वहिनी म्हणायची, "सापडलं, मामा." केमिस्ट्रीच्या दिवशी मात्र ती हिरमुसून आली. "थोडं राह्यलं."

"राहू दे. समदंच सापडलं तर लोक आपल्यावरच शक घेतेत."

एकोणसत्तर टक्के पडले. फार्मसीच्या लिस्टमध्ये तिचं नाव लागलं तेव्हा मी मुद्दाम काकांना डिवचलं, की बाकीच्या एकतीस मार्कांचं काय? काका शांतपणे म्हणाले, "ते आपले नव्हतेच. ज्याचे आसतील तो हुडकील." काकू त्या दिवशी घरोघरी पेढे वाटत फिरली, आणि आठवीत बसवायची युक्ती मुळात आपलीच होती असं सांगत फिरली.

वहिनीचं मेडिकल हायवेला अजून आहे. काका म्हातारपणी त्याच्याबाहेरच्या बाकड्यावर बसून असायचे. मग हळूहळू त्यांच्या डोक्यातूनच एकेक गोष्ट सुटायला लागली. आधी नावं, मग वार, मग घराची वाट. ज्या माणसाकडे अख्खं गाव हरवलेलं शोधायला यायचं, त्याला आम्ही शोधत फिरायचो, आणि मला ते बघवत नसे. एका दुपारी मी दुकानात असताना त्यांनी वहिनीकडे परक्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "तू कोणाची गं बाई?"

आम्ही सगळे एकदम ओरडून त्यांना नावं सांगायला लागलो. वहिनीनं हातानंच आम्हाला गप्प केलं, काउंटरच्या बाहेर आली आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसली.

"मामा, मला शेवटी कुठं पाह्यलं व्हतं?"

रिकाम्या तळहातावर काकांचा अंगठा तंबाखू मळल्यासारखा बराच वेळ फिरत राहिला.

"अंबडच्या स्टँडवर," ते म्हणाले. "पेपर देऊन आल्ती. माझी सून हाय ती."

"बराबर," वहिनी म्हणाली. "चला मंग, तिथून निघू."

आणि तिनं त्यांचा हात हातात घेऊन अंबडच्या स्टँडपासून सांगायला सुरुवात केली, अगदी सावकाश.