बॉयलरकाकूंचा खालचा झोन

बॉयलरकाकू कुणाच्या घरी गेल्या की दारात बूट काढायच्या, भिंतीलगतच्या हीटरवर हात ठेवायच्या आणि त्यानंतरच घरच्या बाईला "कशी आहेस गं?" असं विचारायच्या. हीटर गार लागला तर चहासुद्धा थांबायचा. "नळाला गरम पाणी येतंय ना? मग बॉयलर जिवंत आहे. चल, तळघर दाखव," असं म्हणत पदर खोचून त्या जिना उतरायलाही लागायच्या.

हे नाव अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी मंडळींनी थट्टेने ठेवलं होतं. काकूंच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्यांनी फोनवर "बॉयलरकाकू बोलतेय" असं स्वतःच सांगायला सुरुवात केली. थट्टा करणाऱ्यांची मजाच गेली.

मूळच्या त्या सोलापूरच्या, शाळेत भूगोल शिकवलेल्या. इथे बँकेत नोकरी करायच्या. तळघरातल्या पाइपांकडे त्या नकाशाकडे बघावं तशा बघायच्या. आमच्या त्या जुन्या घरांमधून एकच बॉयलर नळाला गरम पाणीही द्यायचा आणि घरही तापवायचा. वरच्या मजल्याचा एक झोन, खालच्याचा दुसरा. भिंतीवर खोलीची ऊब मोजणारे दोघांचे थर्मोस्टॅट वेगळे आणि तळघरात दोघांचे व्हॉल्व्ह वेगळे. थर्मोस्टॅटने थंडी वाजतेय म्हणून कळवलं की व्हॉल्व्ह उघडणार आणि त्या मजल्याला गरम पाणी जाणार. काकू पाइपवरून हात फिरवत जायच्या. "पाणी कुठून निघालं आणि कुठे अडलं, एवढंच बघायचं. आख्खं घर कधीच बिघडत नाही गं. कुठला तरी एक झोन बंद असतो."

हे ज्ञान त्यांना हौसेने मिळालेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या एका दसऱ्याच्या सुमारास काका ऑफिसात बसल्या जागी गेले. मुलगी मेधा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तेरावं उरकलं आणि आमच्या लोकांच्या सल्ल्यांना ऊत आला. बाईमाणसाने एकटीने एवढं घर कसं सांभाळायचं, बर्फ कोण काढणार, गवत कोण कापणार? सगळ्यांत पुढे काकूंचे दीर, दूर ट्रॉय गावी राहणारे भाऊजी. मोटारींच्या कंपनीत मोठे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं आयुष्य मार्गी लावण्याची त्यांना फार घाई असायची. "वहिनी, घर सेल करून टाका. आमचं बेसमेंट फिनिश केलंय, तुम्ही दोघी तिथे राहा."

"मी तळघरात बॉयलर बघायला जाते, भाऊजी. राहायला नाही," काकू म्हणाल्या.

पण त्याच थंडीत त्यांच्या घराचा खालचा मजला गारठला. वरती उबदार, नळाला कढत पाणी, आणि खाली स्वयंपाक करताना डोक्याला मफलर. मेकॅनिक आला, व्हॉल्व्ह बदलून गेला. फरक शून्य. मग आमच्यातले इंजिनिअर तळघरात जमले. आमचे हेही त्यात होते. खिशात हात घालून सगळ्यांनी बॉयलरभोवती प्रदक्षिणा घातली आणि तो म्हातारा झालाय यावर एकमत केलं. भाऊजींना तेवढंच हवं होतं. संक्रांतीला ते न्यायलाच येणार असं त्यांनी फोनवर जाहीर केलं. "मुलीला थंडीत ठेवू नका, वहिनी. हट्टालाही लिमिट असतं." मेधाचं नाव निघालं की काकू फोन ठेवून तिला आणखी एक स्वेटर चढवायच्या. घर राहणार की जाणार, हे आता त्या एका गार मजल्यावर येऊन ठेपलं होतं.

काकूंनी लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि त्या बिघाडाच्या मागेच लागल्या. भिंतीवरचा थर्मोस्टॅट काढून त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, म्हणजे त्यानेच थंडी वाजतेय म्हणून कळवल्यासारखं. तळघरात व्हॉल्व्ह उघडला, पाइप तापला. म्हणजे बॉयलर ठीक, व्हॉल्व्ह ठीक. थर्मोस्टॅटच खोटा. बोटं बधिर होत असताना त्याचा काटा पंच्याहत्तर फॅरनहाइट, म्हणजे चांगली ऊब, दाखवत होता. त्यांनी नवा आणून बसवला. नव्याचा काटाही पंच्याहत्तरावर.

"दोन थर्मोस्टॅट एकच खोटं बोलत नाहीत," त्या मला म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या थकलेल्या दिसल्या. मला भाऊजींचा, आमच्या मंडळींचा, आमच्या ह्यांचा, सगळ्यांचा राग आला.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्या मेधाला घेऊन ट्रॉयला गेल्या. 'निदान शाळा तरी बघून जा' असा भाऊजींचा धोशा होता. रविवारी दुपारी परतल्या, दार उघडलं आणि मेधा ओरडली, "आई, it's warm!" खालचा मजला चक्क गरम होता. कुणी काही केलेलं नव्हतं. काकूंनी कोट उतरवला, काकांच्या फोटोपुढचा विझलेला दिवा तेल घालून लावला आणि स्वयंपाकाला लागल्या. कुकर होईपर्यंत हीटर पुन्हा थंड पडायला लागला होता.

त्या हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. दाराजवळच्या भिंतीवर काकांचा फोटो. फोटोला लागूनच थर्मोस्टॅट. आणि खाली फळीवर, परातीत ठेवलेला, काचेच्या चिमणीतला नंदादीप. ट्रॉयचे दिवस सोडले तर काका गेल्यापासून तो अखंड तेवत होता आणि थेट थर्मोस्टॅटला शेक देत होता. ज्याच्या पायाशी दिवा, त्याला थंडी कशी वाजणार?

मला फोन करून काकू हसत सुटल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! अगं, मेकॅनिक आला, इंजिनिअर आले, मी रोज दोनदा वात सारखी करत होते. सगळ्यांनी दिव्याला हात जोडले. पण तो तापतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!" हसता हसता त्यांचा आवाज फाटला.

आता उपाय सोपा होता. दिवा उचलायचा आणि स्वयंपाकघरातल्या देवांपुढे ठेवायचा. आमच्या ह्यांनी तो तत्परतेने सुचवला. भाऊजींनीही फोनवर तोच सुचवला. मीसुद्धा तेच म्हणणार होते.

"दिवा हलणार नाही," काकू म्हणाल्या. "थर्मोस्टॅट हलेल."

"पण काकू, दिवा हलवणं इझी आहे ना?" आमचे हे.

"सोपं आहे म्हणूनच सगळे मला सांगताहेत. ते रोज इथे उभे राहून बूट घालायचे आणि मी रोज इथेच त्यांच्याशी भांडायचे. अजूनही भांडते. भांडायला माणूस नीट दिसायला नको? आणि एक सांगते. आज दिवा हलवला तर उद्या सोफा हलेल, परवा मी."

पुढच्या शनिवारी त्यांनी ड्रिल आणलं. तळघराच्या छतातून तार ओढली आणि जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर थर्मोस्टॅट बसवला. तार धरायला मी होते. भोक जरा तिरकं पडलं, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि मग त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. काका जाऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. एडिसनात फोनांवर फोन झाले. "अगं, त्यांनी कसं काय करायचं?" काकूंचं प्रत्येकीला एकच उत्तर. "माझं घर गरम झालंय. बघायला या." काही जणी आल्या नाहीत, त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. पण बऱ्याच आल्या. भाऊजी आणि जाऊबाई आले ते रिकाम्या सुटकेसा घेऊन. भाऊजी हॉलमध्ये बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी कोट काढला. मग स्वेटर. मग रुमालाने कपाळ पुसलं. काकूंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि घर विकायचं बोलू नका."

सगळ्यांना हळदीकुंकू लावून झाल्यावर काकूंनी करंडा माझ्यापुढे धरला आणि कपाळ पुढे केलं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. "लाव गं," त्या म्हणाल्या, "त्यांच्या आधीपासून लावतेय मी." मी लावलं. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सुटकेसा रिकाम्याच ट्रॉयला परत गेल्या.

काकू शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. माझ्या स्वतःच्या संसारात असे दिवस आले की सगळंच संपलं असं वाटायचं. तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन रडायचे आणि त्या विचारायच्या, "नळाला पाणी येतंय ना? मग कुठला झोन बंद आहे, ते सांग." मी सांगायचे. त्यांचे मी किती उपकार मानते, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओरडल्या असत्या.

त्या गेल्यावर घर विकलं गेलं. मेधा आता अर्विंगला असते, तिकडे दक्षिणेच्या कडक उन्हाळ्यात. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले होते. दार उघडलं तर समोरच्या भिंतीवर काका आणि काकू शेजारी शेजारी. खाली तोच काचेतला दिवा. आणि फोटोंच्या बाजूला, चुन्याने बुजवलेली जुन्या स्क्रूंची दोन भोकं.

"इथे थर्मोस्टॅट होता, मावशी," मेधा म्हणाली. "दिवा लावला आणि एसी बंदच होईना. Whole house was freezing! टेक्निशियन म्हणाला, just move the lamp."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, "थर्मोस्टॅट हलवला."